गुरुवारचा खिमा

गेल्या महिन्यातली गोष्ट. मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये आम्ही डबे उघडले होते. नुकत्याच बदलून आलेल्या एका मॅडमनी अगदी मनापासून विचारलं, "तुमच्याकडं रोज बिर्याणी नाहीतर मटण असतं ना हो?" मी माझा डबा पुढं सरकवला. चपाती, मेथीची भाजी, शेंगदाण्याची चटणी. त्यांना खरंच नवल वाटलं. "अगंबाई, म्हणजे आमच्यासारखंच की!" म्हणाल्या आणि मेथी चाखून बघितली. मीठ कमी होतं, तेही सांगितलं.

बाई चांगल्या आहेत. असा प्रश्न मला गेली वीस वर्षं वेगवेगळ्या तोंडून ऐकू येतो आणि विचारणाऱ्याचा मला आता राग येत नाही. पण त्या दिवशी घरी येताना केएमटीत बसल्यावर एक गोष्ट डोक्यात घोळायला लागली. आमच्या ईदचं ताट सगळ्या गावाला माहीत आहे. शिरखुर्मा, बिर्याणी, नल्लीनिहारी यांच्या रील्स निघतात, रमजानमध्ये खाऊगल्लीवर वर्तमानपत्रांच्या पुरवण्या निघतात. आमचं मांस बातमीतही असतं, पोलिसांनी पंचनामा केलेलं, प्रयोगशाळेत पाठवलेलं. म्हणजे एकीकडं सण आणि दुसरीकडं गुन्हा. या दोन्हींच्या मधे वर्षातले तीनशे दिवस आम्ही काय खातो, हे कुणी विचारत नाही, आणि आम्हीही सांगत नाही.

तर आज तेवढंच सांगते. गुरुवारी आमच्या घरी खिमा-नूडल्स असतात.

गुरुवारच का, तर त्या दिवशी माझे तास सगळ्यात जास्त. सकाळी उर्दूचे, दुपारनंतर मराठीचे, आणि वर सहामाहीचे पेपर. घरी पोचायला साडेसहा होतात. मगरीब उरकून ओट्यापाशी उभी राहते तेव्हा थोरला क्लासवरून आलेला असतो, धाकटी भूक लागली म्हणून फरसाणच्या डब्यात हात घालून बसलेली असते, आणि सासूबाईंना आठच्या आत जेवून औषध घ्यायचं असतं. या सगळ्यांना पुरेल, पोटाला आधार देईल आणि माझा जीव न घेता होईल असं एकच जेवण मला इतक्या वर्षांत सापडलंय.

पाच माणसांना अर्धा किलो खिमा, म्हशीचा. दोन मोठे कांदे बारीक चिरून कुकरमध्येच थोड्या तेलावर परतायचे, त्यात आलं-लसूण. मग खिमा घालून मोठ्या आचेवर, त्याचं सुटलेलं पाणी आटेपर्यंत हलवत राहायचं. ही पाच-सात मिनिटं चुकवायची नाहीत, नाहीतर उग्र वास राहतो आणि मग लोक म्हणतात म्हशीचं मांस वासाचं असतं. हळद, दीड चमचा कांदा-लसूण मसाला, एक टोमॅटो, मीठ बेतानं. तीन शिट्ट्या. वाफ जिरल्यावर चार कप गरम पाणी ओतून उकळी आली की पाच पाकिटं नूडल्स हातानं मोडून घालायच्या. पाकिटातल्या मसाल्याच्या पाच पुड्यांपैकी दोनच वापरायच्या, कारण त्यात मीठ भरपूर असतं आणि कोल्हापुरी मसाल्यापुढं त्या पुडीची तशी गरजही नाही. दोन मिनिटांत काही होत नाही, जाहिरातीवर जाऊ नका. चार-पाच मिनिटं लागतात. वरून लिंबू आणि कोथिंबीर. कांदा चिरायला घेतल्यापासून ताटात पडेपर्यंत पस्तीस मिनिटं. भांडं एकच घासायचं, हा भाग मला सगळ्यात प्रिय आहे.

खिम्याबद्दल एक सांगते, कारण नव्यानं संसार मांडलेल्या मुली विचारतात. खिमा घरी आणून धुवायला घेतला की अर्धा चाळणीतून जातो. दुकानातच आधी मांस धुवून, निथळून मग यंत्रात घालायला सांगायचं. खिमा करताना मांसाचा वरचा भाग आत आणि आतला वर होतो, म्हणून अख्ख्या तुकड्यापेक्षा तो लवकर खराब होतो आणि पूर्ण शिजवावाच लागतो. मी रविवारी सकाळी आणते, अर्ध्या-अर्ध्या किलोच्या पिशव्यांत भरून पोळीसारखा चपटा करून फ्रीजरमध्ये ठेवते. बुधवारी रात्री एक पिशवी खालच्या कप्प्यात उतरवली की गुरुवारी संध्याकाळपर्यंत सुटा होतो. ओट्यावर दिवसभर ठेवू नये. आमच्याकडं मे महिन्यात काय होईल ते सांगायला नको.

सासूबाई पहिल्यांदा म्हणाल्या होत्या, "हे काय जेवण झालं? पोरांचा खाऊ हा." मग एक दिवस त्यांनीच आठवण काढली. त्यांच्या लहानपणी मे महिन्यात पाटावर शेवया व्हायच्या, काठ्यांवर वाळत टाकायच्या. शिरखुर्म्यासाठी चांगल्या लांब शेवया बाजूला काढल्या की खाली तुकड्यांचा चुरा उरायचा. तो फेकणार कोण? आदल्या दिवशीचा रस्सा किंवा खिमा उरला असेल तर त्यात तो चुरा शिजवून पोरांना द्यायचे. म्हणजे माझी ही गुरुवारची युक्ती त्यांच्या आईकडं सत्तर वर्षांपूर्वीच होती. फक्त पाकिटात नव्हती. त्या दिवसापासून सासूबाई याला नूडल्स म्हणत नाहीत, "खिम्याच्या शेवया" म्हणतात आणि दुसऱ्यांदा वाढून घेतात.

मी भाषा शिकवते, त्यामुळं शब्दांवर अडखळायची सवय आहे. उर्दूच्या वर्गात मी क़ीमा लिहिते, नुक्त्यासकट, आणि मराठीच्या वर्गात खिमा. हा शब्द तुर्की वळणाचा, तिकडं आजही कुठल्याही खाटकाकडं तो चालतो. मुलांना वाटतं क़ीमा आणि क़ीमत एकाच घरातले. तसं नाही, क़ीमत अरबीतून आली. पण आमच्या घरात दोघांचं नातं आहेच. मी घेते तिथं म्हशीचा खिमा मटणाच्या जवळजवळ एक तृतीयांश भावात मिळतो. कोल्हापूरकराला मटणाचा भाव काय असतो ते मी सांगायला नको. २०१९ च्या अखेरीला या गावानं मटणाच्या दरावरून आंदोलन केलं होतं, तेव्हा बाहेरचे लोक हसले होते. मला हसू आलं नव्हतं. पगारदार माणसाला आठवड्यातून एकदा पोरांच्या ताटात मांस घालता येणं न येणं हा हसण्यावारी न्यायचा विषय नाही. त्या आंदोलनात आमच्या गल्लीतले सगळे होते. फरक एवढाच की मटण परवडलं नाही तर आमच्याकडं दुसरं दुकान होतं, आणि ते आहे हे आम्ही मोठ्यानं म्हणत नव्हतो.

इथून पुढं जरा सावकाश लिहिते.

२०१५ साल माझ्या चांगलं लक्षात आहे, कारण त्या वर्षी माझ्या या एका कढईतल्या दोन्ही वस्तू सरकारच्या नजरेत आल्या. महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीला १९७६ च्या कायद्यानं बंदी होतीच. १९९५ मध्ये विधिमंडळानं त्यात दुरुस्ती करून बैल आणि वळूही घातले. ती दुरुस्ती राष्ट्रपतींच्या संमतीसाठी वीस वर्षं पडून होती, ती २०१५ मध्ये मिळाली आणि मार्चपासून कायदा लागू झाला. कत्तलीला पाच वर्षांपर्यंत कैद. नुसतं मांस जवळ बाळगलं तरी शिक्षा. मग जून महिन्यात नूडल्सची पाळी आली. शिसं जास्त सापडल्यावरून आणि लेबलावर अजिनोमोटोबद्दल जे छापलं होतं त्यावरून देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणानं मॅगी बाजारातून काढायला लावली. मुंबई उच्च न्यायालयानं ऑगस्टमध्ये तो आदेश रद्द केला, पुन्हा तपासणी करायला सांगितली, आणि नोव्हेंबरमध्ये पाकिटं परत दुकानात आली.

त्या पाच महिन्यांत स्टाफरूममध्ये मॅगीसाठी जेवढे सुस्कारे ऐकले तेवढे मी एखाद्या नटाच्या निधनालाही ऐकले नव्हते. पोरांनी विनोद केले, बायकांनी कपाटात लपवलेल्या शेवटच्या पाकिटाच्या गोष्टी सांगितल्या. मीही सांगितली. मॅगी परत आली त्या दिवशी कुणीतरी स्टाफरूममध्ये पाकिटं आणली आणि आम्ही चहाच्या भांड्यात शिजवून खाल्ली.

दुसऱ्या बंदीबद्दल स्टाफरूममध्ये एक शब्द निघाला नाही. मीही काढला नाही.

वास्तविक माझ्या खिम्याला त्या कायद्यानं हात लावलेला नाही. म्हैस आणि रेडा त्यात नाहीत. कत्तलीयोग्य असल्याचा दाखला घेऊन म्हशीचं मांस महाराष्ट्रात आजही कायदेशीर विकलं जातं. पुढं ६ मे २०१६ ला मुंबई उच्च न्यायालयानं बंदी कायम ठेवली, पण परराज्यातून आणलेलं मांस नुसतं जवळ असणं हा गुन्हा ठरवणारं कलम रद्द केलं, आणि आपण निर्दोष आहोत हे आरोपीनंच सिद्ध करायचं, ही अटही काढून टाकली. माणसानं आपल्या घरात काय खावं हा त्याच्या खासगी आयुष्याचा भाग आहे, असा त्या निकालाचा रोख होता. हे मी पेपरात वाचलं, कात्रण काढून ठेवलं. पण कात्रण फ्रीजला चिकटवून काय उपयोग? रस्त्यावर ज्याला पिशवी उघडून बघायची आहे त्याला म्हैस आणि बैल यांतला फरक ऐकून घ्यायचा नसतो. २०२४ च्या ऑगस्टमध्ये धुळे-मुंबई एक्स्प्रेसमध्ये एका म्हाताऱ्या गृहस्थांना पोरांनी मारलं, तो व्हिडिओ तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी पाहिला असेल. ते जळगावकडून कल्याणला लेकीकडं निघाले होते आणि तिच्यासाठी डब्यातून मांस नेत होते. म्हशीचं आहे, म्हणून सांगत होते. बाप लेकीकडं जाताना काहीतरी घेऊन जातो, ही तर आपल्या सगळ्यांच्याच घरची रीत. माझे अब्बा पेठेतून येताना पिशवीत पावशेर खिमा आणायचे, कागदात गुंडाळून, वर कोथिंबिरीची जुडी. तो व्हिडिओ मी पूर्ण पाहू शकले नाही. अब्बांची ती पिशवीच डोळ्यांपुढं येत राहिली.

आणि हे फक्त मुसलमानांचं दुखणं नाही. २०२५ च्या पावसाळ्यात राज्यात ठिकठिकाणी कुरेशी व्यापाऱ्यांनी जनावरांची खरेदीच बंद ठेवली, रोज रस्त्यात गाड्या अडवल्या जातात म्हणून. तेव्हा बाजारात भाकड म्हैस घेऊन उभा असलेला शेतकरी मुसलमान नव्हता. शाहू पाटोळ्यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे पुस्तक २०१५ सालचंच आहे. मराठवाड्यातल्या दलित घरांतल्या स्वयंपाकाबद्दल ते ज्या मोकळेपणानं लिहितात ते वाचून मला आधी आनंद झाला, मग स्वतःची लाज वाटली. त्यांनी आपल्या घरची कढई सगळ्यांसमोर उघडी ठेवली. आम्ही मात्र झाकण ठेवून बसलो.

ते झाकण म्हणजे 'मटण' हा शब्द. आमच्याकडं घरात छोटे का आणि बडे का असे दोन प्रकार आहेत. उंबऱ्याबाहेर दोन्हींना मटण. मी बीएड करत असताना डब्यात बडे का असायचं. मैत्रिणी विचारायच्या, मी मटण म्हणायची. एकजण तर दर शुक्रवारी माझ्या डब्यातलं मागून खायची आणि मी तिला खात बघत बसायची. एकदा तिनं रेसिपी लिहून घेतली तेव्हा मला रात्री झोप लागली नाही. तिचा धर्म बुडवल्याची भीती नव्हती, ती माळकरी वगैरे नव्हती आणि मटण आवडीनं खायची. पण काय खातोय हे कळायचा तिचा हक्क मी तिला न विचारता काढून घेतला होता. पुढच्या आठवड्यात मी तिला सांगून टाकलं. ती दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "आधी सांगायचंस. मी नसतं खाल्लं, पण सांगायचंस." आमची मैत्री टिकली, शुक्रवारचा डबा मात्र बंद झाला. मला ते रास्त वाटलं, अजूनही वाटतं. तिनं खावं अशी माझी अपेक्षा नव्हती, आजही कुणाकडून नाही.

एवढं असून माझ्या लेकीनं काय करावं? ती नववीत आहे. गेल्या वर्षी शुक्रवारी सकाळी मी आदल्या रात्रीचे खिमा-नूडल्स तिच्या डब्यात दिले. संध्याकाळी जेवताना ती हसत हसत सांगायला लागली, "अम्मी, आज एकीनं विचारलं, हे बीफ आहे का? मी म्हटलं सोयाबीन आहे. तिनं खरं मानलं!" थोरला हसला, सासूबाई हसल्या. मला घास गिळेना. बीएडच्या वेळी मी खोटं बोलले तेव्हा माझी झोप उडाली होती. ही पोर तेच खोटं गंमत म्हणून सांगत होती, डोळ्याची पापणीही न हलवता, आणि माझ्यापेक्षा फार सफाईनं. मी मांसाचं नाव बदललं होतं. तिनं मांसच गायब केलं.

मी तिला ओरडले नाही. कशाबद्दल ओरडणार? २०२३ च्या जूनमध्ये ती सातवीत होती. कुणाच्या तरी स्टेटसवरून गावात बंद झाला, दगडफेक झाली, इंटरनेट तोडलं. ते दोन दिवस दारं-खिडक्या लावून आम्ही आत होतो, आणि कुठलंच दुकान उघडं नसल्यानं नुसत्या नूडल्स खाल्ल्या, खिम्याशिवाय. तेव्हा तिनं विचारलं होतं, आपण बाहेर काही बोललो तर काय होतं? मी म्हटलं, काही नाही होत, पण आत्ता नको. तो धडा तिनं नीट पाठ केला, एवढंच. शिकवणारी मीच.

या गावात कुठल्याही कार्यक्रमाला गेलं की हे शाहूंचं कोल्हापूर आहे, असं ऐकायला मिळतं. ते खरंही आहे. १९०६ साली मुसलमान मुलांच्या शिक्षणासाठी महाराजांनी पुढाकार घेतला, दसरा चौकातलं मुस्लिम बोर्डिंग आजही उभं आहे. पण मला त्यांची आवडणारी गोष्ट चहाची आहे. गंगाराम कांबळ्यांनी हॉटेल काढलं तेव्हा अस्पृश्याच्या हातचा चहा पिणार कोण, असा प्रश्न होता. महाराजांनी भाषण केलं नाही. गाडी थांबवली आणि चहा मागितला, आणि बरोबरच्यांनाही प्यावा लागला. ती गोष्ट आम्ही दरवर्षी जयंतीला पोरांकडून पाठ करून घेतो. पोरं छान बोलतात, बक्षिसं मिळवतात आणि खाली उतरून डबा झाकून खातात.

आता खिडकीची गोष्ट. आमच्या इमारतीत आठ घरं आहेत, मुसलमान घर आमचं एकच. समोरच्या काकू मार्गशीर्षातले गुरुवार करतात. त्या महिन्यात मी गुरुवारी खिमा करत नाही, बुधवारीच करते. हे मला कुणी सांगितलेलं नाही. त्या घट मांडतात, मला प्रसादाचं केळं देतात, त्या दिवशी माझ्या फोडणीचा वास त्यांच्या देवघरात जाऊ नये असं मला वाटतं. रमजानमध्ये त्याही इफ्तारच्या आधी जिन्यात भजी तळल्याचा वास येऊ देत नाहीत, हे माझ्या लक्षात आलंय. याला मी शेजार म्हणते. माझी अम्मी हेच करायची.

पण उरलेल्या अकरा महिन्यांत? तेव्हाही कुकरची शिट्टी व्हायच्या आत माझा हात खिडकीकडं जातो. काकूंना त्याचं काही नसतं, त्या स्वतः बुधवारी-रविवारी मटण शिजवतात आणि त्यांचा तांबडा रस्सा अख्ख्या जिन्याला भूक लावतो. माझी खिडकी मग कुणासाठी बंद होते? खाली नवं कुणी राहायला आलंय, त्यांच्यासाठी. वास ओळखणाऱ्या कुणासाठीतरी. मला स्वतःलाच नीट सांगता येत नाही. अम्मीची खिडकी अदबीनं बंद व्हायची आणि माझी धास्तीनं होते, आणि बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही सारख्याच दिसतात. मला अदब सोडायची नाही. ही दुसरी सवय सोडायची आहे, आणि ती हाताला लागलेली आहे.

आपल्यातल्या काही पोरांनी यावर वेगळाच उपाय काढलाय. ताटाचा फोटो काढायचा, वर काहीतरी डिवचणारं लिहायचं आणि स्टेटसला टाकायचं. माझ्या थोरल्याच्या मित्रानं हे केलं आणि दोन दिवसांनी त्याच्या बापाला पोलीस ठाण्यात जाऊन बसावं लागलं. मला हे अजिबात पटत नाही, आणि ते पोलीस ठाण्यामुळं नाही. माझ्या जेवणाची घोषणा झालेली मला नको आहे. तिकडच्यांनी त्याला गुन्हा केलं, इकडच्यांनी झेंडा केलं, तर मग जेवण कुठं राहिलं? मला ते दमलेल्या बाईनं पस्तीस मिनिटांत केलेलं रात्रीचं जेवण म्हणूनच हवं आहे. ज्यावर बोलायचं तर मीठ जास्त झालं की कमी, एवढंच बोलावं.

आणि जरा आपल्या घरातही बघू. आपल्याकडं दावत आली की बाई दोन दिवस ओट्यापुढं असते. चार प्रकारचं मांस, वर दोन गोड. पाहुणे 'माशाअल्लाह' म्हणून हात धुतात आणि ती बाई उरलेलं गार खाते. नोकरी करणाऱ्या बायकांनाही यातून सुटका नाही, उलट पगार आणते म्हणून जास्तच करून दाखवावं लागतं. व्हॉट्सअॅपवर नूडल्सच्या पुडीत काय असतं, ते हलाल आहे का, यावर लांबलचक मजकूर येतात, पाठवणारे बहुतेक पुरुष. पुडीवर हिरवा ठिपका आहे का ते बघून घ्यावं, शंका आली तर पुडी फेकून घरचा मसाला घालावा, विषय संपला. पण ते पाठवणाऱ्यांपैकी कितीजणांना कांदा परतता येतो, हे मला एकदा विचारायचंय. झटपट होणाऱ्या जेवणाचा सगळ्यात मोठा फायदा हा की 'मला जमत नाही' म्हणायला जागा राहत नाही. आमच्या थोरल्याला मी दहावीनंतरच्या सुट्टीत हे शिकवलं. पहिल्यांदा त्यानं पाणी इतकं घातलं की सूप झालं. आमच्या मिस्टरांनी तेही भाकरी कुस्करून खाल्लं आणि पुढच्या गुरुवारी कांदा चिरायला स्वतः उभे राहिले, पोराच्या सुपापेक्षा बरं करून दाखवीन म्हणून. आता महिन्यातले दोन गुरुवार त्या दोघांचे. त्या संध्याकाळी मी पेपर तपासते आणि आतून येणारी भांडणं ऐकते.

मागच्या गुरुवारी त्यांचीच पाळी होती, आणि त्या दोघांना खिडकीचं काही सुचत नाही, ती सताड उघडी होती. सव्वासातला बेल वाजली. काकू, माझी वाटी परत करायला आल्या होत्या. दारातच थांबून म्हणाल्या, "आज काय बेत? वास झकास येतोय." आतला कुकर एकदम फार मोठ्यानं फुसफुसतोय असं मला वाटलं. लेक सोफ्यावर बसली होती, तिनं पुस्तकातून मान वर केली. तोंडाशी 'मटण' आलं होतं. मी म्हटलं, "म्हशीचा खिमा आणि नूडल्स."

काकू क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "नूडल्स कुठल्या आणता? आमचा नातू आलाय, त्याला त्या गव्हाच्या आवडत नाहीत." मी सांगितलं. त्या गेल्या. वाटीत साखर घालून दिली होती, रिकामी वाटी परत करायची नाही म्हणून.

काकूंना काय वाटलं असेल ते मला माहीत नाही. कदाचित पुढच्या वेळी त्या माझ्याकडचं केळीचं शिकरणही खाणार नाहीत, तो त्यांचा प्रश्न. लेकीनं दार लागल्यावर विचारलं, "तू सांगितलंस कशाला?" मी म्हटलं, त्यांनी विचारलं म्हणून. ती म्हणाली, "माझ्या वर्गात काकू नसतात, अम्मी." यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. शुक्रवारचा डबा काय द्यायचा ते मी तिच्यावर सोपवलं. तिनं बटाट्याची भाजी मागितली, मी करून दिली. या आठवड्यातही तिनं तेच सांगितलंय. बटाटे उकडायला लावलेत, आणि खिम्याची पिशवी खालच्या कप्प्यात उतरवून ठेवलीय.